पार्किंगमध्ये बसायला पैसे पडत नाहीत

“मॅडम, हॉस्पिटलच्या बिलात घासाघीस चालते का हो?”

हा प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, आवाजही माझाच (आणि माझा आवाज चांगला दणदणीत आहे), पण प्रश्न हार्ली आणि जोसीचा. त्या दिवशी शाळेत मोठी माणसं आपापल्या नोकऱ्यांविषयी सांगायला आली होती. आगीच्या बंबावरचा माणूस येऊन गेला, बँकेतली बाई येऊन गेली, आणि शेवटी आल्या ट्रेडवे मॅडम, पलीकडच्या काउंटीतल्या, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातल्या, मोठ्या हॉस्पिटलच्या बिलांच्या खात्यातल्या. अर्धा वर्ग डुलक्या घेत होता.

“तू लिलाववाली ना?” हार्ली माझ्या कानात कुजबुजली. “मग विचार की. बिल कमी करता का म्हणावं.”

“ती कसली विचारतेय,” जोसी म्हणाली. “फाटेल तिची.”

मला असं कोणी म्हटलं की विषय संपला. मागच्याच महिन्यात मी लिलाव पुकारण्याच्या शाळकरी स्पर्धेत पहिली आले होते. तीही गुरांच्या बाजारात, खऱ्या माईकवर, टोप्या घातलेल्या म्हाताऱ्यांच्या गर्दीसमोर. त्याआधी मी अशी होते की हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा कान लाल व्हायचे. आता हात वर करायला मला कारणही लागत नव्हतं. शिवाय पैज बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांची होती, हार्लीच्या ताटातल्या सगळ्यांची.

वर्ग खदखदून हसला. सरांनी डोळे वटारले. ट्रेडवे मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

“नाव काय तुझं?”

“रेलिन स्टबलफील्ड, मॅडम.”

“चालते, रेलिन. पण कोणी करतच नाही. माणूस येतो, खिडकीपाशी उभा राहतो, आमची मुलगी विचारते, विमा आहे का? तो मान ताठ करून म्हणतो, ‘नाही, पण स्वतः भरू.’ ती बिचारी तसं टाकते संगणकात. मग सगळ्यात मोठा आकडा लिहिलेलं बिल त्याच्या घरी जातं. कारण तोच म्हणाला ना, भरू!”

“मग काय म्हणायचं?” हा प्रश्न मात्र माझा होता. पैजेत नव्हता.

“म्हणायचं, ‘भरता येणार नाही. मदतीचा अर्ज द्या.’ बस. आमचं हॉस्पिटल धर्मादाय आहे, गरजूला सूट देणं त्याला भाग आहे. पण मागेल त्यालाच मिळते. आणि इमर्जन्सीच्या दारात आधी पेशंट बघतात, पैशाचं नंतर.”

मी पैज जिंकले. बटाट्याचे गोळे खाल्ले. पण खाताना मला डॅडींच्या बुटांच्या लेस आठवत होत्या. त्या हल्ली बांधलेल्या नसायच्या.

*

संध्याकाळी जेवताना मी सगळं सांगितलं. ट्रेडवे मॅडमची नक्कलही केली, चष्मा काढण्यासकट. ममाला हसू आलं. डॅडी घेवड्यात मक्याचा पाव कुस्करत बसले.

डॅडी नालबंद आहेत. आमच्या अलाबामाच्या या कोपऱ्यात घोड्याला नाल ठोकायची तर लॉनी स्टबलफील्डला बोलवायचं, हे ठरलेलं. मालक स्वतः, नोकरही स्वतः, त्यामुळं विमा देणार कोण? ममा डॉलरच्या दुकानात, म्हणजे स्वस्त सामानाच्या दुकानात, कामाला असते. तिथं पूर्ण वेळाच्या बाईला विमा मिळतो, म्हणून कोणालाच पूर्ण वेळ देत नाहीत. एकदा ती दोघं संगणकासमोर बसून विमा शोधत होती, तेव्हा मी शेजारीच होते. आधी उत्तर आलं की मोफत उपचारांच्या सरकारी कार्डासाठी तुमची कमाई जास्त आहे. मग पुढच्या पानावर आलं की सवलतीच्या विम्यासाठी तुमची कमाई कमी आहे.

“जास्त पण आणि कमी पण?” ममा म्हणाली. “एकाच दिवशी?”

“आपण मधल्या भोकात पडलोय, मिस्टी,” डॅडी म्हणाले होते, आणि आम्ही तिघंही हसलो होतो. कार्ड फक्त मला आहे. मुलांना मिळतं.

“तर डॅडी,” मी म्हणाले, “फक्त ‘स्वतः भरू’ म्हणायचं नाही. एवढंच आहे.”

“आपण आपलं आपण भरतो,” डॅडी म्हणाले.

“पण त्या म्हणाल्या, धर्मादाय—”

“धर्मादाय म्हणजे तीच बरणी, रेलिन. फक्त मोठी.”

बरणी म्हणजे कोणती, ते आमच्या घरात सांगावं लागत नाही. डॉयलकाका, डॅडींचा मोठा भाऊ, आजारी पडला तेव्हा नाक्यावरच्या दुकानात गल्ल्याशेजारी लोणच्याची मोठी बरणी ठेवली होती. तिच्यावर काकाचा फोटो, हातात मासा, तोंडभर हसू. येणारे जाणारे त्यात सुटे टाकायचे. काका गेला, तरी बरणी कित्येक दिवस तिथंच होती. कोणाला काढायला सुचलं नाही. डॅडी रोज सकाळी तिथं कॉफी घ्यायला जायचे, आणि मेलेला भाऊ मासा धरून त्यांच्याकडं बघून हसायचा. बिल मात्र काही हसलं नाही. काकूनं घर विकलं, मागचं कुरण विकलं, आणि आता ती बहिणीच्या मागच्या खोलीत राहते.

“माझा फोटो बरणीवर लागणार नाही,” डॅडी म्हणाले. “आणि तुझ्या आईच्या डोक्यावरचं छप्पर जाणार नाही. कळलं?”

“हो सर.”

आमच्याकडं बापाला ‘हो सर’च म्हणतात. ‘नाही सर’सुद्धा म्हणतात, पण ते ‘भांडी घासलीस का?’ असल्या प्रश्नाला. बापानं एखादी गोष्ट ठरवून सांगितली की त्यावर ‘नाही सर’ मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

*

आता पंपाचं सांगते.

मला लहानपणापासून दमा. खिशात निळा पंप, दम लागला की दोनदा ओढायचा. कार्डावर मिळतो. उन्हाळ्यात गवताचे भारे रचताना डॅडींना धाप लागली, तेव्हा गंमत म्हणून मीच म्हटलं, “घ्या, ओढा.” त्यांनी ओढला. “अरे, बरं वाटतंय की!” म्हणाले. पुढच्या आठवड्यात परत घेतला. मग माझा पंप सकाळी त्यांच्या कॉफीच्या कपाशेजारी दिसायला लागला. ठेवायची ममा, बोलायचं कोणीच नाही. फक्त एकदा ती म्हणाली, “हे बाहेर बोलायचं नाही हं. तुझं कार्ड काढून घेतील.”

एका पंपात दोन माणसांचं भागेना. म्हणून मी दवाखान्यात गेले आणि माझा दमा वाढल्याचं नाटक केलं. घरघर मी इतकी झकास काढली की शेजारच्या खुर्चीतली आजी मला पाणी द्यायला उठली. नवा पंप मिळाला. पुढच्या महिन्यात परत गेले. त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या खेपेला नर्स हसली नाही. “पंप एवढ्या लवकर संपतोय म्हणजे नुसता दमा नसणार,” ती म्हणाली. “दुसरंच काहीतरी आहे. डॉक्टरांना तुझं हृदय ऐकू दे.”

डॉक्टरांनी ऐकलं. छातीला तारा चिकटवून कागदावर रेघाही काढल्या. माझं हृदय अगदी ठणठणीत निघालं. नर्सनं “देवाची कृपा!” म्हणून माझी पाठ थोपटली. सगळ्यांना हायसं वाटलं, एक मी सोडून. मी त्या टेबलावर पाय सोडून बसले होते. तपासायचं हृदय घरी होतं. इथं तपासलं ते भलत्याचंच.

मी घरी येऊन म्हणाले, “नर्स म्हणाली, हृदय बघायला पाहिजे.”

“बघितलं ना?” डॅडी म्हणाले. “मग? चांगलंय ना?”

“माझं चांगलंय.”

“झालं तर मग,” ते म्हणाले आणि आरामखुर्चीत मागं रेलले. हल्ली ते पलंगावर झोपतच नव्हते. आडवं झालं की छातीवर कोणीतरी बसतं, म्हणायचे. मी सकाळी उठायचे ती थेट त्यांच्या खुर्चीपाशी जायचे. शर्टाचं बटण वर जातंय, खाली येतंय, हे दिसेपर्यंत मी श्वास घ्यायचे नाही. मग उगाच मोठ्यानं म्हणायचे, “उठा, लॉनी सर, घोडे वाट बघतायत!”

*

शनिवारी आम्ही मिस ओपलकडं गेलो. मी शनिवारी डॅडींबरोबर घोडा धरायला जाते. मिस ओपल शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. सगळा जीव त्यांचा त्या घोडीवर, डचेसवर. मी दोर धरला. डॅडींनी चामड्याचा एप्रन बांधला, कानस काढली, आणि डचेसचा पाय उचलायला वाकता वाकता थांबले. पायावरून हात फिरवला. दुसऱ्या पायावरून फिरवला. मग उठून तिच्या मानेपाशी गेले आणि नुसते बघत राहिले.

“आज हिला नाल ठोकत नाही, मिस ओपल.”

“का रे लॉनी? पैसे दिले नाहीत की काय मागच्या वेळचे?” त्या हसत म्हणाल्या.

“पाय बघा हिचे. चारही भरलेत. बोट दाबलं की खड्डा पडतोय. आणि ही मानेची शीर बघा, दोरीसारखी फुगलीय. ही आडवी होते का झोपताना?”

“नाही रे. हल्ली उभ्याउभ्याच डुलक्या काढते. मला वाटलं, म्हातारी झाली.”

“वय नाही हे. हृदय थकलंय तिचं. अंगात पाणी साचतंय. डॉक्टरला बोलवा.”

“सोमवारी करते फोन.”

“सोमवारी नाही. आत्ता,” डॅडी म्हणाले. “पैशाचं नंतर बघा.”

मिस ओपल धावतच घरात गेल्या. डॅडी डचेसचं कपाळ खाजवत उभे राहिले. आणि मी त्यांच्या बुटांकडं बघितलं. लेस सुटलेल्या. बुटाची जीभ बाहेर आलेली, आत पाय मावतच नव्हता. मोज्याच्या काठावर मांसाची घडी. मी नजर वर नेली. मला न्यायची नव्हती, पण नेली. कॉलरच्या वर, मानेवर, शीर. दोरीसारखी.

“डॅडी.”

“हं?”

“तुम्ही पण आडवे होत नाही.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं. मला नक्की माहीत आहे, त्यांना कळलं, कारण त्यांनी ताबडतोब विनोद केला. “माझे पाय दोनच आहेत,” ते म्हणाले. “मला निम्माच आजार.”

आणि ते हत्यारांची पेटी उचलायला वाकले, ते वर आलेच नाहीत. एक हात ऐरणीवर टेकला. मग गुडघा टेकला. तोंड उघडं, पण आत काही जात नव्हतं. तबेल्यात फक्त त्यांचाच आवाज, ओल्या चिखलातून बूट ओढल्यासारखा. डचेससुद्धा कान टवकारून बघत होती. मी पंप काढून त्यांच्या तोंडात धरला. एकदा, दोनदा, मग मोजलंच नाही. शेवटी पंपातून नुसता फुस्स आवाज आला. संपला होता. त्यांचे ओठ करवंद खाल्ल्यासारखे झाले होते.

मी फोन काढला.

“रेलिन.” श्वास घेऊन एक शब्द, श्वास घेऊन पुढचा. “अँब्युलन्स नको. ती नुसती दारात आली तरी… पिकअप विकावी लागेल. फोन ठेव.”

“हो सर,” माझी जीभ म्हणाली. मला ती उपटून फेकावीशी वाटली. पण फोन खिशात गेला होता.

*

मिस ओपल अजून घरात फोनवरच होत्या; मी डॅडींना आधार देऊन पिकअपमध्ये बसवलं आणि गाडी मी चालवली. मला लायसन्स मिळून फार दिवस झाले नव्हते. दोन्ही हातांनी चाक असं धरलं होतं जसं काही तेच निसटून पळणार आहे. डॅडींनी खिडकी खाली केली आणि डोकं बाहेर काढल्यासारखं ठेवलं.

“घरी,” ते म्हणाले.

फाट्यावर डावीकडं घर. मी उजवीकडं वळले. ते काही बोलले नाहीत, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली. चुकीच्या वळणावर न ओरडणारा माझा बाप नव्हेच तो.

डॉलरच्या दुकानासमोर मी हॉर्न दाबून धरला. ममा पिवळं जाकीट घातलेली, हातात किमतीच्या चिठ्ठ्यांची रिळं, रागावून बाहेर आली. तिनं खिडकीतून डॅडींचा चेहरा बघितला. रिळं तिथंच रस्त्यावर ठेवली आणि मागच्या सीटवर चढली.

“चल,” ती म्हणाली. कुठं ते म्हणाली नाही. आमच्या गावातलं हॉस्पिटल बंद पडलंय, आता तिथं टायरांचं गोदाम आहे. त्यामुळं ‘चल’ म्हणजे पलीकडची काउंटी.

रस्ता संपेना. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, पांढरी फटफटीत, आणि पुढं धान्याचा ट्रक, जो ना वेगानं जातोय ना बाजूला होतोय. ममा मागून डॅडींच्या खांद्याला धरून बसली होती. “आहे ना रे बरं? लॉनी? आहे ना?”

“तू… विचारत राहिलीस तर… उत्तर देण्यातच मरेन मी,” डॅडी म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, “पुकार की, पोरी. रस्ता कटेल.”

“काय पुकारू?”

“ही गाडी. काढ विकायला.”

मी पुकारायला लागले. “चला पावणे, पिकअप आली, जुनी आहे पण इमानी आहे, हजारला कोण, हजारला कोण, हजार आले, बाराशे बोला, बाराशे बोला…” डॅडींनी खिडकीवर ठेवलेल्या हाताचं बोट उचललं. गुरांच्या बाजारात बोली अशीच लावतात, नुसतं बोट. “बाराशे खिडकीवाले! पंधराशेला कोण?” बोट. “पंधराशे आले, अठराशे बोला, एसी चालत नाही पण खिडक्या चालतात!” ममा मागून हसली की रडली, कळलं नाही. बोट. “दोन हजार!” बोट, जरा उशिरानं. “बावीसशे, बावीसशेला कोण, कोण बावीसशे…”

बोट उचललं नाही.

कापसाची शेतं चालत होती, गाडी चालत होती, फक्त तो हात तसाच पडून होता, नखं निळी.

“डॅडी!”

“ऐकतोय,” ते म्हणाले. “महाग झाली.”

*

आम्ही हॉस्पिटलच्या आवारात शिरलो. इमर्जन्सीची लाल पाटी समोर, काचेची दारं आपोआप उघडत मिटत होती. मी सरळ दाराशी न्यायला लागले.

“तिथं नको,” डॅडी म्हणाले. “त्या टोकाला लाव. झाडाखाली.”

मी लावली. का लावली? कारण त्यांनी सांगितलं आणि मी सोळा वर्षं ‘हो सर’ म्हणत आले होते.

“आता बसू जरा,” ते म्हणाले. “उतरतंय का बघू. दाराच्या आत पाय टाकला की मीटर पडलं. पार्किंगमध्ये बसायला… पैसे पडत नाहीत.”

मी ममाकडं वळून बघितलं. मला वाटलं, ती आता भडकेल. माझी ममा कूपनवरून मॅनेजरशी भांडणारी बाई आहे. पण तिनं डोळे खाली घातले.

“थोडं बसूया, रेलिन,” ती म्हणाली. “मागच्या वेळी उतरलं होतं.”

“मागच्या वेळी?”

ममानं खिशातून रुमाल काढला.

“ममा, कुठल्या मागच्या वेळी?”

“तू स्पर्धेला गेली होतीस ना… आम्ही खाद्य आणायला गेलो म्हणालो होतो, तेव्हा.” तिनं रुमालाची घडी केली, मोडली, परत केली. “तेव्हा इथंच बसलो होतो. याच झाडाखाली. मग बरं वाटलं, मग आलो घरी.”

मी त्या दिवशी माईकवर ओरडत होते. लोक टाळ्या वाजवत होते. घरी आले तेव्हा या दोघांनी केक आणून ठेवला होता, आणि डॅडींनी मला उचलायचा प्रयत्न करून सोडून दिला होता. म्हणाले होते, “जड झालीस, चॅम्पियन.” आणि मी हसले होते!

शेजारी दोन गाड्या सोडून एक निळी गाडी उभी होती. तिच्यातही माणसं बसलेली. एक म्हातारा हाताला टॉवेल गुंडाळून बसला होता, टॉवेल लालसर, आणि त्याची बायको काचेच्या दारांकडं बघत होती. माझी आणि तिची नजरानजर झाली. तिनं पटकन दुसरीकडं बघितलं, जसं काही आम्ही एकमेकींना चोरी करताना पकडलं होतं.

डॅडींचा श्वास आता बारीक झाला होता. मोठा आवाज बरा होता. या बारीक आवाजात मध्ये मध्ये काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्यात मी समोरची पाटी वाचत बसायचे, अक्षर अक्षर, पुढचा श्वास येईपर्यंत. डॅशबोर्डवर माझा रिकामा निळा पंप गरगरत एका कडेला जाऊन थांबला होता.

“बघ,” ममा म्हणाली, “उतरतंय. आवाज कमी झाला की नाही, लॉनी?”

डॅडींनी मान हलवली. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला आणि त्यांनी तो पुसला नाही. हात उचललाच नाही.

मला डचेस दिसली. तिच्यासाठी डॉक्टर एव्हाना पोचलासुद्धा असेल. ‘सोमवारी नाही, आत्ता.’ घोडीला आत्ता, आणि त्यांना झाडाखाली. आणि मला एकदम समजलं की हे दोघं कशाची वाट बघतायत ते त्यांनाच माहीत नाही. बरं वाटण्याची वाट बघतायत असं त्यांना वाटतं. पण डॉयलकाकाही असाच कुठंतरी बसून राहिला असणार, आणि मग फोटो बरणीवर लागला.

मी इंजिन बंद केलं. किल्ली काढून जीन्सच्या खिशात घातली.

“रेलिन,” डॅडी म्हणाले. “किल्ली… लाव. घरी चल. बरं वाटतंय.”

‘हो सर’ जिभेवर आलंच होतं. ते मी गिळलं.

“नाही, सर,” मी म्हणाले.

ममानं झटकन वर बघितलं. डॅडींनीही बघितलं. मी दार उघडलं, एक पाय खाली टाकला, आणि वळून दोघांनाही सांगितलं, लिलावाच्या आवाजात नाही, साध्याच आवाजात, पण थांबायचं नाही असं ठरवून.

“मी आत चाललेय. चाकाची खुर्ची आणि माणूस घेऊन येणार, आणि डॅडी, तुम्ही त्या खुर्चीत बसणार. खिडकीवरची मुलगी विमा विचारेल, तेव्हा तुम्ही दोघांनी गप्प राहायचं. ‘स्वतः भरू’ हा शब्द कोणाच्याही तोंडून आला तर मी मोठ्यानं खोडून काढीन. बोलणार मी. म्हणणार, भरता येणार नाही, मदतीचा अर्ज द्या. आणि डॉक्टरांना पंपाचंही खरं सांगणार, तो कोण ओढत होतं ते. माझं कार्ड जायचं तर जाऊ दे. तुम्हाला लाज वाटली तर वाटू दे, मी तुमची लाज काढली म्हणून वर्षभर माझ्याशी बोलू नका, डॅडी. चालेल मला. पण माझ्याशी न बोलायला तुम्ही घरात हवे आहात.”